लोगो सुचतो कसा? रुपयाच्या चिन्हापासून केडगावच्या गुळापर्यंत, डिझाइनच्या विद्यार्थ्याची कामाची पद्धत

शिरूर किंवा दौंडमधील कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहा. ‘नुसते नाव तर टाकायचे आहे, दोन मिनिटांचे काम’ हे वाक्य कानावर पडणारच. बारावीनंतर मुलगी ‘मला ग्राफिक डिझाइन शिकायचे आहे’ म्हणाली, की घरातही तोच प्रश्न येतो. दोन मिनिटांच्या कामासाठी चार वर्षे कशाला?

या चार वर्षांत नेमके काय शिकतात, ते समजून घेण्यासाठी एका विद्यार्थ्याचे काम पाहू. ते सध्या तुमच्या खिशातच आहे.

रुपयाचे चिन्ह कसे ठरले?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्यातून पाच अंतिम फेरीत गेल्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांच्या चिन्हाला मंजुरी दिली. ते तेव्हा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएचडीचे विद्यार्थी होते. बक्षीस होते अडीच लाख रुपये. २०११ पासून हे चिन्ह नाण्यांवर आले.

चिन्ह दिसायला सोपे आहे. देवनागरी ‘र’ आणि उभी दांडी काढून टाकलेला रोमन ‘आर’, दोन्ही एकाच आकारात. पण महत्त्वाची आहे ती वरची शिरोरेषा. अक्षराच्या डोक्यावरची अशी रेघ परदेशी लिप्यांत सहसा दिसत नाही, म्हणून तीच ओळख ठरली. तिच्या खाली समांतर दुसरी रेघ आली आणि मधल्या मोकळ्या जागेमुळे तिरंग्याचा भास झाला. हत्ती, मोर, कमळ असे काहीही न काढता ‘भारत’ दिसला. उदय कुमार तमिळभाषक, त्यांचा अभ्यासही तमिळ अक्षरांचा. देवनागरीतील जी रेघ आपण रोज न बघता ओढतो, ती त्यांना वेगळी दिसली, यात नवल वाटू नये.

मग आपल्याकडच्या कामात हे कसे येते?

समजा, केडगाव परिसरातील एका गुऱ्हाळाला गुळाच्या खोक्यासाठी लोगो हवा आहे. संगणक उघडला की पहिली कल्पना उसाच्या कांड्याची येते. पहिली कल्पना बहुतेक वेळा सगळ्यांचीच असते. बाजारातील गुळाची दहा पाकिटे शेजारी ठेवा, बहुतेकांवर ऊस दिसेल.

म्हणून विद्यार्थ्याला आधी गुऱ्हाळावर पाठवतात. चरक, काहील, उकळत्या रसावरची मळी काढणारा माणूस, साच्यातून निघालेली ढेप, हे सगळे वहीत पेन्सिलीने उतरवायचे. गूळ घेणारा कोण, मालकाला विचारायचे. मग तीस-चाळीस छोटी रेखाटने. त्यातील बहुतेक टाकाऊ असतात आणि तसे असणे चांगलेच. कुठेतरी ‘ग’च्या शेजारच्या दांडीला ढेपेचा उतरता आकार मिळतो, किंवा काहिलीचा गोल ‘ळ’मध्ये सापडतो. तिथून दोन-तीन निवडायची.

संगणक इथे येतो, आधी नाही. त्यानंतर परीक्षा. लोगो व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीएवढा छोटा केला तर वाचता येतो का? एकाच रंगात, खरबरीत पुठ्ठ्यावर छापला तर टिकतो का? दहा फुटी फ्लेक्सवर आणि किलोच्या पाकिटावर तोच दिसतो का? यात नापास झालेला लोगो कितीही सुंदर असला तरी गुऱ्हाळवाल्याच्या उपयोगाचा नाही.

अक्षरही शिकावे लागते

रस्त्यावर ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ अशा दोन्ही पाट्या दिसतात. नियमाने ‘शिरूर’, ‘शिरूरला’, पण ‘शिरुरात’. हे डिझायनरचे काम नाही, असे म्हणून चालत नाही, कारण छापल्यावर नाव त्याचेच खराब होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर मोबाइलवर पाठवला की अक्षरांचा चिवडा होतो, तेही इथलेच दुखणे. ‘मुक्त’सारखे देवनागरी युनिकोड फॉन्ट आज मोफत मिळतात. विंडोजमधील ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा, आणि तेही आयडीसीत शिकवत होते. म्हणजे मराठी अक्षराला संगणकावर आणणाऱ्यांत याच क्षेत्रातील माणसे आहेत.

शिकायचे कुठे?

कला शाखेचीच बारावी हवी, हा गैरसमज आहे. उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे आणि त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची कला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई ‘यूसीड’ घेते. शाळेतील एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा हात बसवायला उपयोगी. लोणी काळभोरला डिझाइनचे खासगी महाविद्यालय आहे आणि पुणे-दौंड मार्गावर लोणी स्थानकही आहे. दौंड, केडगाव, यवतच्या मुलांना रोज ये-जा जमू शकते. शिरूरला मात्र रेल्वेच नाही, त्यामुळे नगर रस्त्याची कोंडी किंवा पुण्यात खोली. खासगी संस्थांचे शुल्क मोठे असते, ते आधी विचारून घ्या.

प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना मुले नीट रंगवलेली चित्रे तेवढी नेतात. खोडाखोडीची वहीही सोबत घ्यावी. विचार कसा झाला, ते त्या वहीतच दिसते.