प्रवाळाच्या कुरणांतील पोपटमासा

शेतकऱ्यांच्या मासिकांत समुद्रांतील माशाचें वर्णन कशास, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्यांस चराई व तण यांचा अनुभव आहे, त्यांस ही हकीकत लवकर उमजेल अशी आमची समजूत आहे.

वेस्ट इंडीज बेटांभोंवतीं कॅरिबियन समुद्रांत 'स्टॉपलाइट' नांवाचा पोपटमासा आढळतो. पूर्ण वाढलेला नर झगझगीत हिरवा असून त्याच्या कल्ल्याच्या झांकणावर पिवळा ठिपका असतो; मादी तपकिरी व तांबड्या पोटाची. कित्येक माद्या पुढें नर होतात व तेव्हां रंगही पालटतात!

याचे दांत एकमेकांस जुळून पोपटाच्या चोंचीसारखे झालेले असतात. त्यांनीं तो खडकावरील शेवाळ खरवडून खातो. त्याबरोबर तोंडांत गेलेली चुनखडी घशांतील दुसऱ्या दांतांखालीं जात्यांत दळावी तशी दळली जाते व वाळू होऊन बाहेर पडते.

आतां मुख्य गोष्ट. प्रवाळ हा झाड नसून प्राणी आहे. त्याच्या पिलांस चिकटून वाढण्यास स्वच्छ खडक लागतो. शेवाळ माजलें कीं तण माजलेल्या वाफ्यांतील रोपांसारखी त्यांची गत होते. जमेका बेटावर हेंच घडलें. तेथें अति मासेमारीनें चरणारे मासे आधींच विरळ झाले होते. इ. स. १९८० च्या वादळानें प्रवाळ मोडला. तरी लांब काळ्या कांट्यांचे अर्चिन नांवाचे प्राणी शेवाळ खात होते. १९८३ सालीं रोगानें तेही बहुतेक मेले. तेव्हां चरणारें कोणी उरलें नाहीं. १९७७ च्या सुमारास निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळानें झांकलेला होता, तो १९९३ पर्यंत शेंकडा ५ हूनही कमी राहिला.

पोपटमासा कधीं कधीं जिवंत प्रवाळासही चावतो, हें खरें. पण बैलानें चार ताटें तुडविलीं म्हणून कोणी कोळपणी सोडीत नाहीं.

बेलीझ देशानें २००९ सालीं हे मासे धरण्यास बंदी केली. बोनेर बेटानें २०१० सालीं तसेंच करून मासे धरण्याचे पिंजरेही हळूहळू बंद करण्याचें ठरविलें. कोळ्याच्या ताटांतील मासा यानें जातो, ही अडचण आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु प्रवाळ गेला म्हणजे त्याच्या आश्रयानें राहणारे इतर मासेही त्याच्या जाळ्यांत येईनासे होतात.