परदेशातले एकटेपण
शिरूर अनंतपाळसारख्या गावांतूनही मुले आता परदेशी जातात. तिथले शांत उपनगर, बंद दारे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग झोप उडते, भूक मंदावते. हे लाडाचे दुखणे नव्हे! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये एकटेपणाची गंभीर दखल घेतली.

१८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून अमेरिकेतील रोझेल या छोट्या गावी गेल्या, तेव्हा तिथल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीच जुळला होता. प्रकृती ढासळायची ती ढासळलीच. पण १८८७ मध्ये त्या वारल्यावर त्यांची रक्षा याच मैत्रिणीकडे पाठविली गेली.

मुलाला लोणच्याच्या बरणीबरोबर तिथल्या एखाद्या घराचा पत्ताही द्यावा. फोनवर ‘जेवलास का?’ याबरोबर ‘कोणासोबत जेवलास?’ हेही विचारावे.