गोंधळ उभा राहतो साथीवर

धाराशिव जिल्ह्यातले तुळजापूर हे तुळजाभवानीचे ठाणे. ती कुलस्वामिनी असलेल्या घरांत लग्नकार्य उरकले की गोंधळ घालायचा, हा कुलाचार. पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश. दिवटी पेटली की मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, देवीला आवतण देतो. सुपारी त्याच्याच नावाने घेतलेली असते. मागे संबळ, तुणतुणे, झांज घेऊन उभी असलेली माणसे मात्र नुसती भाड्याची 'पार्टी' ठरतात. खरे तर गोंधळ उभा राहतो तो या मागच्या माणसांवर.

संबळाचेच बघा. एक भांडे लहान, चढ्या आवाजाचे. दुसरे मोठे, खर्जातले. काड्या दोन, त्यांतली एक टोकाला वाकडी. गणाची लय वेगळी, आख्यानातल्या लढाईची वेगळी. नाईकाने गद्यात कथा सांगायला घेतली की हात आवरायचा आणि तो पदावर आला की त्याच क्षणी उचलायचा. आख्यानात साथीदार 'मग पुढं?' म्हणतो, मुद्दाम भलताच अर्थ लावून हशा पिकवतो. तेवढ्यात नाईकाला दम खाता येतो. झीलकऱ्यांनी धृपद उचलून धरले नाही, तर रात्रभर एकट्याचा गळा टिकणे कठीण.

यावर कोणी म्हणेल, गोंधळी कदमराई असोत की रेणुराई, गोंधळ ही घराण्याची कला. साथीला भाऊ-पुतणेच असतात, त्यांना भाडोत्री कसे म्हणायचे? पण घरातली पोरे शिक्षणाला, नोकरीला बाहेर पडली, एकाच तिथीला दोन सुपाऱ्या आल्या, की संबळवाला बाहेरून बिदागी ठरवूनच आणावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गिऱ्हाईक जोडायचे नाईकाने, गाडीभाडे त्याचे, सुपारी मोडली तर नुकसानही त्याचेच. म्हणून त्याचा वाटा मोठा असावा, हे मान्य. पण मोठ्या वाट्यासाठी साथीदाराचे नाव गाळावे लागत नाही. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर जग नाचले, तरी त्यांत वाजवणाऱ्यांची नावे वर्षानुवर्षे तबकडीच्या वेष्टनावर नव्हती. 1971 साली त्याच कंपनीचा गायक मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती छापली गेली, म्हणून गेचे मोठेपण उणावले नाही.

राहिला साथीदाराऐवजी कीबोर्ड आणण्याचा पर्याय. त्यातून संबळाचा आवाज निघेल, पण आधीच भरून ठेवलेला ठेका नाईकाच्या तोंडाकडे बघून थांबत नाही. कुठे थांबायचे ही जाण ज्याच्या हातात आहे, त्याची बिदागी सुपारी घेतानाच वेगळी ठरावी आणि आरतीनंतर नाईकाने त्याचे नाव घ्यावे. बिनानावाच्या, उरल्यासुरल्या पैशांवर चालणाऱ्या कामासाठी पुढची पिढी काडी हातात धरणार नाही. मग नाईकाला सुपारी घेऊनही गोंधळ घालता यायचा नाही.