गाडीच्या रंगाला तडे गेले, ते कुणामुळे?

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. धुळ्याला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं आणि कार्यालयात जाईन तर आजोबांच्याच गाडीतून, असा नवरीचा हट्ट. आजोबा म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. ते आता नाहीत, पण १९८६ साली त्यांनी घेतलेली गडद निळी प्रीमिअर पद्मिनी आमच्या जळगावच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला, पण आमच्या सासूबाईंचा हिच्यावरचा जीव काही कमी झालेला नाही.

इंजिन ठीक होतं. रंग मात्र विटून अगदी पाटीसारखा झाला होता. म्हणून ह्यांनी गाडी मशीन-पॉलिशला दिली. दोन हजार ठरले, पाचशे आगाऊ. संध्याकाळी गाडी परत आली ती ट्यूबलाइटखाली अशी चकाकत होती, की सासूबाईंनी बॉनेटमध्ये वाकून आपलं कुंकू पाहून घेतलं!

सकाळी ऊन आलं आणि आमचे चेहरे उतरले. बॉनेटवर, टपावर, डाव्या दारावर केसाएवढे बारीक तडे. आटलेल्या तळ्याच्या गाळासारखे, तुकड्या-तुकड्यांचे. आणि प्रत्येक तड्यात पांढरं पॉलिश बसलेलं, त्यामुळे निळ्या रंगावर ते जास्तच उठून दिसत होते.

ह्यांनी तडक दुकान गाठलं. मी बरोबर होतेच. "तुझ्या मशीननं रंग फोडला," असं म्हणून उरलेले दीड हजार दिलेच नाहीत. पॉलिश करणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. "काका, मी नुसतं मशीन फिरवलं हो," एवढंच तो म्हणाला. मालक म्हणाला, त्याच्या पगारातून कापून घेतो. आणि मैत्रिणींनो, मी तिथे उभी राहून चकार शब्द बोलले नाही. तडे कालपर्यंत नव्हते, आज आहेत, मग दुसरं कोण?

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोहोचलो. नणंदेच्या घराजवळ एक म्हातारे पेंटर राहतात. सगळा जन्म गाड्यांना ड्युको मारण्यात गेलेला. (ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या एका रंगाचं नाव. १९२३ पासून तो तिथे मोटारींना लागू लागला. आपल्याकडे मात्र फवाऱ्यानं मारलेला कुठलाही रंग म्हणजे ड्युकोच.) त्यांनी आधी एक तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं, प्यायला! त्यांनी ते बॉनेटवर ओतलं, वाकून पाहिलं, तड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग डिकीच्या कडेला जिथे टवका उडाला होता तिथे बोट ठेवून मला जवळ बोलावलं. वरचा निळा, त्याखाली राखाडी लांबी, त्याखाली पुन्हा एक निळा, मग तपकिरी प्रायमर आणि मग पत्रा. उलथ्यानं कापलेल्या वडीसारखे थर स्पष्ट दिसत होते.

"हाई दुखनं आजनं नही शे, ताई," ते म्हणाले. मशीननं तडे पाडले नव्हते, नुसते दाखवले होते. विटलेल्या रंगावर बारीक तडा दिसतच नाही, कारण सगळाच पृष्ठभाग खरखरीत असतो. तो गुळगुळीत झाला की तडा उघडा पडतो. वर पॉलिशचा पांढरा लगदा आत शिरून त्याला रेघ ओढून देतो.

मग मुळात तडे पडतात कसे? आपली काळी जमीन वैशाखात भेगाळते, तसेच. वरचा थर सुकून आकसतो, खालचा त्याला धरून ठेवतो, आणि ओढाताणीत वरचा फाटतो. जुन्या ड्युको रंगाचं तेच होतं. त्यातला लवचीकपणा वर्षानुवर्षांच्या उन्हानं निघून जातो आणि तो पापडासारखा कडक होतो. त्यातून थर जाड असेल, खालचा नीट सुकण्याआधी वरचा मारला असेल, किंवा जुना तडकलेला रंग न खरवडता त्यावरच नवा चढवला असेल, तर मग विचारायलाच नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो. उन्हातल्या बॉनेटवर हात ठेववत नाही. पत्रा दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि त्याच्याबरोबर ताणायचं अंग त्या रंगात उरलेलं नसतं.

सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या लोणच्याच्या बरणीला आतून अशाच रेघा आहेत. मसाला मुरला तेव्हा दिसल्या. बरणी काय मसाल्यानं तडकते?" आणि मग जरा थांबून, ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तो वरचा रंग सत्त्याण्णव सालचा. हिच्या लग्नाच्या वेळचा. चार दिवसांत करून घेतला तुझ्या वडिलांनी. जुना रंग काढायचे पैसे वेगळे पडत होते. ते म्हणाले, त्यात पोरीची पैठणी येते."

नणंद चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तशीच आत गेली. ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. वडिलांच्या हातून घाईचं काम झालं असेल, हे ह्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. आणि त्यांनी ते का केलं, हेही.

मशीन अगदी निर्दोष असतं असं मात्र नाही हं. एकाच जागी दाबून धरलं तर रंग तापून जळतो, कडांवर घासून थेट प्रायमर दिसू लागतो. कारखान्यातून येणाऱ्या नव्या गाडीवर सगळे थर मिळून जेमतेम एक दशांश मिलिमीटर असतात, आणि वरचा चकाकीचा पारदर्शक थर त्याच्या निम्म्याहूनही कमी. सारखी सारखी घासाघीस त्याला परवडत नाही. पण मशीनचे ओरखडे गोल गोल, दिव्याभोवती कड्यासारखे दिसतात. पाणी ओतलं की क्षणभर नाहीसे होतात. तडा कोनाकोनांचा असतो, पाण्याखालीही दिसतच राहतो, उलट पाणी मुरून काळपट होतो. पेंटरनी तांब्याभर पाणी मागितलं ते याच्यासाठी. ही परीक्षा गाडी पॉलिशला देण्याआधी, सकाळच्या तिरप्या उन्हात, दुकानदाराला शेजारी उभं करून करावी.

आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली, ती जुनी गाडी घेणाऱ्यांच्या फार कामाची. फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांना लावून बघायचं. जिथे नीट धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे, म्हणजे दार कधीतरी ठोकलं गेलंय. तडे आधी तिथेच येतात. (प्लॅस्टिकच्या बंपरला लावू नका. तिथे ते धरणारच नाही, आणि उगीच भांडण व्हायचं.)

तडा पॉलिशनं जात नाही. मेणानं चार-सहा आठवडे झाकला जातो एवढंच. वरून नवा रंग मारला तर खालचा तडा त्यातूनही डोकं वर काढतो. तडकलेला भाग पार खालपर्यंत खरवडणं हाच इलाज. धुण्याचं म्हणाल, तर भर दुपारी तापलेल्या बॉनेटवर गार पाण्याचा पाइप सोडणं आमच्याकडे रोजचं होतं, आणि तो पाइप माझ्याच हातात असायचा. आता गाडी सावलीत, निवल्यावर धुते.

लग्न त्याच गाडीतून झालं. झेंडूच्या माळांनी बॉनेट झाकलं, टपाकडे कोण बघतो?

जळगावला परतल्यावर दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच चपला घातल्या. "चल," म्हणाले. दुकानात गेल्यावर दीड हजार मालकाच्या गल्ल्यावर न ठेवता त्या पोराच्या हातात दिले आणि "माझं चुकलं" असंही म्हणाले. तेवीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी फार वेळा ऐकलेले नाहीत! पोरगा पैसे मोजतच नव्हता. मालकाला मी सांगितलं, कापलेला पगार असेल तर तो त्याला परत करा. त्यानं मान डोलावली. केला की नाही, हे विचारायला मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. केला होता.

गाडीचा रंग पावसाळ्यात काढायचा नाही, दमट हवेत ड्युकोवर पांढुरकी झाक धरते, असं पेंटरनी बजावलं होतं. म्हणून दिवाळीनंतर ती धुळ्याला नेली. त्यांच्या मुलानं सगळं पत्र्यापर्यंत खरवडलं आणि या वेळी हार्डनर मिसळून मारायचा पीयू रंग लावला. प्रत्येक थराला पुरतं सुकू दिलं. तीन आठवडे लागले. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा शहाऐंशी सालचा रंग तेवढा सासूबाईंनी तसाच ठेवायला लावला.