घरातल्या घरात राहणारी वेबसाइट

आई-बाबांना विचारून, त्यांना शेजारीच बसवून एक गंमत करून बघा. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत टाइप करा: १९२.१६८.१.१. आकडे मात्र इंग्रजी हं! काहीच उघडलं नाही, तर राउटर हळूच उलटा करून त्याच्या पोटावरचं लेबल वाचा. काहींचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, काहींचा १९२.१६८.२९.१. बरोबर पत्ता टाकलात की एक पान उघडेल आणि नाव-पासवर्ड विचारेल.

कुठून आलं हे पान? अमेरिकेतून? बंगळुरूहून? छे! ते आलं त्या लुकलुकत्या दिव्यांच्या डबीतूनच. राउटर म्हणजे एक छोटा संगणकच असतो. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि त्या मेमरीतच हे पान साठवलेलं असतं. पटत नाही? मग पुढच्या वेळी नेट गेलं आणि घरातले सगळे वैतागून बसले, की मोबाइल डेटा बंद ठेवून हाच पत्ता टाका. व्हिडिओ ढिम्म हलणार नाही, पण हे पान झटकन समोर येईल.

खरं नवल पुढेच आहे. तुमचा मित्र त्याच्या घरी हाच पत्ता टाकेल, तेव्हा त्याला तुमचा नाही, त्याचा राउटर दिसेल. प्रत्येक घरात मुलं ‘आई’ अशीच हाक मारतात आणि ज्याची त्याची आई ओ देते ना, तसंच! इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. ऐकायला खूप वाटतात, पण पृथ्वीवर माणसंच याहून जास्त आहेत. म्हणून १९९४ मध्ये इंटरनेटच्या जाणकारांनी काही पत्ते फक्त घरातल्या आणि कचेरीतल्या वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे ६५,५३६ पत्ते त्यातलेच. ते कुणीही, कितीही घरांत वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर मात्र ते चालत नाहीत. तुमचा फोन काही मागवतो, तेव्हा राउटर फोनचा पत्ता काढून त्या जागी बाहेर चालणारा पत्ता घालतो, कुणी काय मागितलं याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. सेकंदाला हजारो वेळा, न चुकता!

आता पासवर्ड. इथे दोन वेगवेगळे पासवर्ड असतात. एक वायफायला जोडण्याचा, तो सगळ्यांना पाठ असतो. दुसरा सेटिंगमध्ये शिरण्याचा, आणि तो बहुतेक घरांत कुणी बदललेलाच नसतो. कारखान्यातून येताना बऱ्याचदा नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या एका खोडसाळ प्रोग्रॅमने असे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड घेतले आणि जगभरातल्या कॅमेऱ्यांवर, राउटरांवर एकामागून एक लावून पाहिले. लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली! त्यांनी एकदम गर्दी केली तेव्हा २१ ऑक्टोबरला अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या. म्हणून आज आई-बाबांकडून हा दुसरा पासवर्ड बदलून घ्याच, आणि नवा वहीत लिहून ठेवा. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका. सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि नेटवाल्या दादांना बोलवावं लागतं.

आत शिरलात की ‘चॅनल’ कुठे लिहिलंय ते शोधा. वायफायच्या नेहमीच्या पट्ट्यातल्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा हेलकावतात, आणि एक लहर असते साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब. पट्टी घेऊन बघा केवढी होते ती! आपल्याकडे या लहरींचे १३ चॅनल आहेत, पण शेजारशेजारचे चॅनल एकमेकांत घुसतात. एकमेकांना न अडवणारे म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच निवडतात. इमारतीत सगळेच ६ वर असतील तर ११ करून बघायला हरकत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही याच पट्ट्यातल्या. त्यामुळे भाजी गरम होताना कार्टून अडखळलं, तर बिचाऱ्या राउटरवर रागावू नका.

आणि माझी सगळ्यात आवडती सेटिंग म्हणजे वायफायचं नाव. त्यासाठी जागा असते फक्त ३२ बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, आपल्या देवनागरीला मात्र तीन लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे प्रत्येकी तीन वेगळे! जोडाक्षरात पाय मोडला की त्याचेही तीन. काही राउटर देवनागरी घेतच नाहीत, पण घेणारा असेल तर ‘सह्याद्री’ मोजा: स, ह, पाय मोडल्याची खूण, य, काना, द, पुन्हा खूण, र, वेलांटी. नऊ चिन्हं, २७ बाइट. आरामात बसलं! ‘ज्ञानेश्वरी’ची चिन्हं होतात अकरा, म्हणजे ३३ बाइट. एका बाइटने हुकलं! घ्या कागद आणि तुमचं नाव बसतं का बघा.