भूगोल घेऊन काय करणार? उत्तर नागझिऱ्याच्या आजूबाजूला आहे

बारावी झाली की घराघरांत एकच चर्चा सुरू होते, पुढे काय? मुलीने ‘भूगोल घेते’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, ‘नद्या-डोंगर पाठ करून पोट भरणार का?’ हा गैरसमज आहे. विद्यापीठात भूगोलाच्या दोन मोठ्या शाखा शिकवतात. प्राकृतिक भूगोल जमीन, पाणी, हवामान यांचा. मानवी भूगोल माणसांचा. लोक कुठे राहतात, काय कमावतात, गाव का सोडतात, हे तो शोधतो. इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’त हवामान, रोजगार आणि वस्ती यांचा संबंध मांडला होता. म्हणजे विषय आपल्याला परका नाही.

नागझिरा काय शिकवतो?

नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. पर्यटक इथे वाघ बघायला येतो. मानवी भूगोलाचा विद्यार्थी मात्र चोरखमारा, पिटेझरीसारख्या गेटजवळच्या गावांत थांबून विचारतो : जंगल राखीव झाल्यावर मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं काय झालं? गाईडचं, जिप्सीचं काम कोणत्या गावाला मिळालं, कोणतं गाव कोरडं राहिलं? मुंबई-कोलकाता महामार्ग नागझिरा आणि नवेगावच्या मधून जातो. त्याने माणसाला बाजार जवळ आला, जनावराची वाट मात्र तुटली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच नकाशावर मांडाव्या लागतात.

तेंदूपत्त्याचंच बघा. उन्हाळ्यात पान तोडलं जातं, फळीवर मोजलं जातं, ठेकेदाराकडून कारखान्यात जातं आणि शेवटी घरी बसून विडी वळणाऱ्या बाईच्या सुपात येतं. या एका पानामागे वनकायदा, मजुरी, वाहतूक आणि बायकांचे श्रम, सगळं आहे.

समाजाला याचा उपयोग काय?

2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींसोबत ‘इतर पारंपरिक वननिवासी’ही येतात. जंगलावर जगणारी, अनुसूचित जमातीत नसलेली मुस्लिम कुटुंबं याच गटात मोडतात. पण त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. दावा ग्रामसभेपुढे जातो. जुनी कागदपत्रं, नकाशे, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. इथेच अनेक घरं अडतात, कारण कागद वाचणारं आणि जमीन नकाशावर दाखवणारं माणूस जवळ नसतं. भूगोल शिकलेली गावातलीच मुलगी हे काम करू शकते.

प्रवेश घेण्याआधी

कॉलेजात तीन गोष्टी विचारा. क्षेत्रभेट खरोखर होते का? जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा बनवणं, शिकवतात का? सर्वेक्षण आणि सांख्यिकीचे प्रात्यक्षिक आहे का? कॉलेजात सोय नसेल तर ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, घरी सराव करता येतो.

पुढे बी.एड. करून शिक्षकी, नेट-सेट देऊन प्राध्यापकी, स्पर्धा परीक्षा, नगररचना, सर्वेक्षण, सामाजिक संस्था असे रस्ते आहेत. नुसत्या डिग्रीवर नोकरी मिळत नाही, हेही तितकंच खरं. हातात नकाशाचं कौशल्य हवं आणि लोकांशी बोलायची सवय हवी.

म्हणून पालकांनो, मुलांनी भूगोल म्हटलं तर लगेच नाही म्हणू नका. आधी त्यांना आपल्याच गावाचा नकाशा काढायला सांगा : विहीर कुठे, शाळा किती लांब, कुणाच्या घरापर्यंत रस्ता नाही. त्यात त्यांचं मन रमलं, तर विषय योग्य आहे.