संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

कुकडीकाठच्या ओझर येथील विघ्नहराच्या देवळाला भक्कम दगडी तट आहे आणि त्या तटाला दरवाजाही आहे. तट हवा की दरवाजा, असा वाद तेथे कोणी घालीत नाही. सेवा केंद्रे, शाळा, बँका यांतील संगणकांबाबत मात्र तो घालण्याची वेळ आली आहे. ब्राउझरला जोडावयाचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे एक्स्टेन्शन, वापरणाऱ्याने स्वतः बसवू नयेत आणि वरून बसविलेले काढू नयेत, अशी तजवीज क्रोममध्ये व फायरफॉक्समध्ये व्यवस्थापकाला करता येते.

ही मनाई निष्कारण नाही. एक्स्टेन्शनला परवानगी मिळाली की पडद्यावरील मजकूर त्याला वाचता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षाक्षेत्रातील कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला फसवून चोरट्यांनी तिच्या एक्स्टेन्शनची घातक आवृत्ती प्रसृत केली. ती वापरणाऱ्यांच्या संगणकांत आपोआप शिरली. त्यांचा स्वतःचा काही प्रमाद नव्हता. जेथे गावकऱ्यांचे आधार क्रमांक आणि दाखले हाताळले जातात, तेथे हा धोका पत्करता येणार नाही, हे उघड आहे.

तथापि वरचा हात नेहमीच अचूक असतो, असेही नाही. सुरक्षिततेसाठी मोझिला संस्थेने फायरफॉक्सच्या प्रत्येक जोडणीवर आपली डिजिटल सही सक्तीची केली होती. मे २०१९ मध्ये त्या सहीमागील प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील असंख्य लोकांच्या निर्दोष जोडण्या एकाएकी बंद पडल्या. किल्ली एकाच्याच हाती असली की त्याची चूक सर्वांना भोवते.

शिवाय सरसकट मनाईत घातक साधनांबरोबर उपयुक्त साधनेही अडतात. देवनागरी टंकलेखनाचे, मराठी शुद्धलेखन तपासणारे किंवा मंददृष्टीच्या माणसाला अक्षरे ठळक करून दाखविणारे एक्स्टेन्शन कोणाचे काय बिघडविते? १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान दिले; ती लिहिण्याचे साधन मात्र दूरच्या कचेरीतील अनुमतीवाचून मिळू नये, ही विसंगती होय.

ओझरप्रमाणेच जुन्नर तालुक्यात असलेल्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या अवकाशातील क्षीण लहरी टिपतात. म्हणून तेथे येणाऱ्यास मोबाइल बंद ठेवावा लागतो. कारण उघड आहे आणि बंधनाची हद्द ठरलेली आहे. त्यामुळे ते कोणाला जाचत नाही.

संगणकावरील बंधनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. कोणती एक्स्टेन्शन वर्ज्य आणि का, हे वापरणाऱ्यास कळावे. नव्या साधनाची मागणी कोणाकडे करावयाची, ते ठरलेले असावे. आणि तिचा निर्णय ठराविक मुदतीत मिळावा. नागरिकाला मुदतीत सेवा देण्याचे बंधन २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने शासनावर घातले आहे. ती सेवा ज्याच्या हातून घडते, त्याच्या मागणीला मात्र मुदत असू नये, हे न्याय्य नव्हे. सामायिक संगणकाला तट अवश्य असावा. पण दरवाजा कोठे आहे, हे आतल्या माणसाला ठाऊक असलेच पाहिजे.